ऑनलाइन राजकीय खेळांमधली परराष्ट्रनीती कशी चालते? युत्या का होतात आणि का मोडतात?

ब्राउझर उघडायचा, देशाला नाव द्यायचं, झेंडा निवडायचा, चलन ठरवायचं. पाच मिनिटांत तुम्ही एका देशाचे प्रमुख होता. पहिले दोन दिवस कर किती लावायचा, शाळांवर किती खर्च करायचा असल्या निर्णयांत जातात. मग एक दिवस इनबॉक्समध्ये अनोळखी खेळाडूचा मेसेज येतो. तुमचा देश एकटाच दिसतोय, आमच्या युतीत येता का?

खरा खेळ इथून सुरू होतो.

राजकारण आणि राज्यकारभार यांची नक्कल करणाऱ्या या खेळांना ऑनलाइन पॉलिटिकल सिम्युलेशन गेम म्हणतात. वरवर बघितलं तर हा आकड्यांचा खेळ वाटतो. पण जे लोक दहा-दहा वर्षं तिथे रमतात, ते आकड्यांसाठी नाही, परराष्ट्र खात्यासाठी रमतात. करार कोणाशी करायचा, मित्रावर हल्ला झाला तर धावून जायचं की दार लावून घ्यायचं, हे प्रश्न तिथे सतत उभे राहतात. त्यांची उत्तरं कॉम्प्युटर देत नाही. पलीकडे बसलेला खराखुरा माणूस देतो.

हे सगळं चालतं कसं, ते टप्प्याटप्प्याने बघू.

हे खेळ आले कुठून?

इंटरनेटच्या कितीतरी आधी, १९५९ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलन कॅल्हॅमर यांनी 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ बाजारात आणला. पहिल्या महायुद्धापूर्वीचा युरोप आणि सात सत्ता. त्यात फासे नाहीत, पत्ते नाहीत, म्हणजे नशिबाला जवळपास जागाच नाही. खेळाडू आधी एकमेकांशी बोलतात, वचनं देतात आणि मग सगळे जण आपापल्या चाली कागदावर लिहून एकाच वेळी उघड करतात. दिलेलं वचन पाळायलाच हवं असा नियम नाही. १९६३ पासून लोक हा खेळ पोस्टाने खेळू लागले. एकेक डाव महिनोन्‌महिने चालायचा.

इंटरनेट आलं तेव्हा हीच कल्पना मोठी झाली. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी यांनी आपल्या 'जेनिफर गव्हर्नमेंट' या कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी नोव्हेंबर २००२ मध्ये 'नेशनस्टेट्स' हा खेळ सुरू केला. पुढे २००६ मध्ये 'सायबर नेशन्स', २००८ च्या सुमारास 'ई-रिपब्लिक' आणि २०१४ मध्ये 'पॉलिटिक्स अँड वॉर' आले. डिप्लोमसीत सात खेळाडू असतात, इथे हजारो असतात. आणि हा डाव कधी संपत नाही. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका फरकातून निघतात.

युती करावीच लागते का?

नियमाने नाही, पण व्यवहारात लागते.

सायबर नेशन्स किंवा पॉलिटिक्स अँड वॉरसारख्या खेळात कोणताही देश आपल्या ताकदीच्या आसपासच्या देशावर हल्ला करू शकतो. पोलीस नाहीत. एकट्या देशाला लुटणं सोपं असतं आणि त्याचा सूड घ्यायला कोणी येत नाही. म्हणून नवे खेळाडू एखाद्या युतीच्या छत्राखाली जातात. युती त्यांना सुरुवातीला पैसे देते, खेळ शिकवते आणि मुख्य म्हणजे हल्ला करणाऱ्याला दहादा विचार करायला लावते. बदल्यात युतीचा कर भरायचा आणि बोलावणं आलं की लढायला उतरायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या खेळांमध्ये खऱ्या अर्थाने 'देश' म्हणजे युतीच. एकट्या खेळाडूचा देश हा तिच्यातला एक नागरिक. युतीची राज्यघटना असते, निवडणुका होतात, परराष्ट्रमंत्री असतो आणि त्याच्या हाताखाली राजदूत असतात. प्रत्येक युती आपल्या चर्चापटावर इतर युत्यांसाठी दूतावास उघडते. दूतावास म्हणजे काय, तर एक धागा किंवा डिस्कॉर्डवरचा एक चॅनल. तिथे दर महिन्याला बातम्या द्यायच्या, ख्यालीखुशाली विचारायची. हे काम कंटाळवाणं असतं. पण युद्धाच्या रात्री फोन कोण उचलणार, हे याच कामावर ठरतं.

करारांचे प्रकार किती?

खेळाडूंनी गेल्या वीस वर्षांत करारांची एक चढती शिडी तयार केली आहे. नावं इंग्रजी आद्याक्षरांची असली तरी अर्थ सोपा आहे.

- एनएपी, म्हणजे अनाक्रमण करार. आम्ही तुमच्यावर हल्ला करणार नाही, तुम्ही आमच्यावर करू नका. बस, इतकंच.
- पीआयएटी. यात मैत्री, मदत आणि गुप्त माहितीची देवाणघेवाण येते. लढायचं बंधन नाही.
- ओडीपी, म्हणजे ऐच्छिक संरक्षण करार. मित्रावर हल्ला झाला तर आम्ही मदतीला येऊ शकतो, पण आलंच पाहिजे असं नाही.
- एमडीपी, म्हणजे परस्पर संरक्षणाचा बंधनकारक करार. हल्ला झाला की यावंच लागतं.
- एमडीओएपी. संरक्षण बंधनकारक, शिवाय मित्र स्वतः चढाई करत असेल तरी सामील होण्याची मुभा.
- प्रोटेक्टोरेट. मोठी युती नव्या लहान युतीला सांभाळते. खेळाडू याला नुसतं 'प्रोटेक्शन' म्हणतात.

करारात शेवटी एक कलम हमखास असतं. करार मोडायचा असेल तर किती तास आधी कळवायचं? हे कलम दुर्लक्षित राहतं, पण राजकारण बहुतेक वेळा त्यावरच फिरतं. कारण ७२ तासांची नोटीस आली की सगळ्यांना कळतं, तीन दिवसांनी काहीतरी होणार आहे.

दुसरं एक कलम म्हणजे 'नॉन-चेनिंग'. याचा अर्थ असा की मित्रावर थेट हल्ला झाला तर आम्ही येऊ. पण मित्र स्वतःच्या दुसऱ्या मित्रासाठी युद्धात उतरला आणि त्यामुळे त्याच्यावर हल्ला झाला, तर आम्ही बांधील नाही. या कलमाची गरज का पडली, ते सायबर नेशन्सच्या इतिहासातून कळतं.

एका हल्ल्याने सगळं जग कसं पेटलं?

सायबर नेशन्समध्ये 'न्यू पॅसिफिक ऑर्डर' नावाची युती काही वर्षं सर्वांत ताकदवान होती. तिच्याभोवती करारांचं इतकं दाट जाळं होतं की तिच्या विरोधात जाणं म्हणजे अर्ध्या जगाशी लढणं. एप्रिल २००९ मध्ये तिच्या बाजूने 'ऑर्डो व्हर्डे' या तुलनेने लहान युतीवर हेरगिरीचा आरोप ठेवून हल्ला झाला.

हल्लेखोरांचा हिशेब सरळ होता. लहान युतीसाठी कोण मरायला येणार? पण त्या लहान युतीचे करार होते. तिचे मित्र उतरले, मित्रांचे मित्र उतरले. आधीच्या वर्षांत दुखावलेल्या युत्यांना निमित्तच हवं होतं. दुसरीकडे न्यू पॅसिफिक ऑर्डरच्या काही जुन्या मित्रांनी ऐन वेळी हात काढून घेतला. खेळाडू या युद्धाला 'कर्मा वॉर' म्हणतात. जुलैपर्यंत सर्वांत बलाढ्य युतीला शरणागती लिहून द्यावी लागली आणि प्रचंड नुकसानभरपाई कबूल करावी लागली.

यातून दोन गोष्टी दिसतात. कागदावरच्या करारांची संख्या म्हणजे ताकद नव्हे. आणि ताकद असताना इतरांना कसं वागवलं, त्याची नोंद लोक ठेवतात.

राज्यशास्त्रात याला नाव आहे. अमेरिकन अभ्यासक ग्लेन स्नायडर यांनी १९८४ मध्ये मांडलं की प्रत्येक युतीला दोन भीती असतात. एक, मित्र आपल्याला वाऱ्यावर सोडेल. दोन, मित्र आपल्याला त्याच्या भांडणात ओढेल. करार सैल ठेवला तर पहिली भीती वाढते, घट्ट केला तर दुसरी. एनएपीपासून एमडीओएपीपर्यंतची ती शिडी म्हणजे या दोन भीतींमध्ये पाय ठेवायला शोधलेली जागा आहे.

जिथे युद्धच नाही, तिथे परराष्ट्रनीती कशासाठी?

नेशनस्टेट्समध्ये सैन्य आणि लढाईची यंत्रणाच नाही. तरीही तिथलं राजकारण बाकी खेळांपेक्षा कमी तिखट नाही. कारण तिथे लढाई 'प्रदेशा'वरून होते.

तिथे देश प्रदेशांत राहतात. जे देश 'वर्ल्ड असेंब्ली'चे सदस्य आहेत, ते आपल्या प्रदेशातल्या इतर सदस्य देशांना पाठिंबा देऊ शकतात. सर्वांत जास्त पाठिंबा असलेला देश प्रदेशाचा डेलिगेट होतो. डेलिगेटच्या हाती अधिकार असतील तर तो लोकांना प्रदेशातून काढूही शकतो. या वर्ल्ड असेंब्लीचं आधीचं नाव संयुक्त राष्ट्रं असंच होतं. खऱ्या संयुक्त राष्ट्रांनी नाव वापरण्यावर हरकत घेतल्यावर २००८ मध्ये ते बदललं.

पाठिंब्याची मोजणी दिवसातून दोनदा होते. खेळाडू तिला 'अपडेट' म्हणतात. अपडेटच्या काही सेकंद आधी वीस-पंचवीस देश अचानक एखाद्या झोपलेल्या प्रदेशात घुसतात, आपल्यातल्या एकाला पाठिंबा देतात आणि मोजणी होताच तो डेलिगेट बनतो. प्रदेश गेला. हे करणाऱ्यांना 'रेडर' म्हणतात. त्यांना अडवणाऱ्यांच्या वेगळ्या संघटना आहेत, त्यांना 'डिफेंडर' म्हणतात. अनेक वर्षं तिथल्या प्रत्येक मोठ्या प्रदेशाला परराष्ट्रनीतीचा पहिला प्रश्न हाच विचारला जायचा की तुम्ही कोणाच्या बाजूचे? जे म्हणतात, आम्ही कोणाचेच नाही, आमचं हित बघून ठरवू, त्यांना 'इंडिपेंडंट' असं नाव पडलं. अलिप्ततावादाच्या देशात वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

नव्या देशांचा जन्म जिथे होतो, त्या प्रदेशांना 'फीडर' म्हणतात. लोकसंख्येचा झराच तिथे असल्याने त्यांचं महत्त्व सर्वाधिक. २००३ मध्ये 'फ्रँकोस स्पेन' या नावाने खेळणाऱ्या खेळाडूने 'द पॅसिफिक' हा फीडर ताब्यात घेतला आणि तिथे न्यू पॅसिफिक ऑर्डरची राजवट आणली. वर सायबर नेशन्समध्ये आलेली युती हीच. म्हणजे एका खेळातली परराष्ट्रनीती तिच्या माणसांसोबत दुसऱ्या खेळात स्थलांतरित झाली.

खरा नकाशा आला की खरी भांडणंही येतात

ई-रिपब्लिकमध्ये काल्पनिक देश नाहीत. खऱ्या जगाचा नकाशा आहे, भारतही आहे. राष्ट्राध्यक्ष दर महिन्याला निवडला जातो, काँग्रेसही. दोन देशांमधला परस्पर संरक्षण करार काँग्रेसच्या मतदानाने होतो आणि ३० दिवसांनी संपतो. नूतनीकरण करायचं तर पुन्हा मतदान.

नकाशा खरा असल्यामुळे इतिहासही सोबत येतो. सुरुवातीच्या वर्षांत 'अटलांटिस' आणि 'पीस' हे दोन गट होते. हंगेरी एका गटात, रोमानिया दुसऱ्यात. पुढे 'ईडन' आणि 'फिनिक्स' आले, तेव्हा क्रोएशिया एका बाजूला आणि सर्बिया दुसऱ्या बाजूला. हे गट खेळाने ठरवून दिले नव्हते. खेळाडूंनीच आपली खरी शेजारभांडणं तिथे नेली.

या खेळात देश जिंकायला रणगाडा लागतोच असं नाही. कमी खेळाडू असलेल्या देशात परक्या खेळाडूंचा एक गट नागरिकत्व घेतो, पक्ष ताब्यात घेतो, निवडणूक जिंकतो आणि खजिना रिकामा करून निघून जातो. याला 'पोलिटिकल टेकओव्हर' म्हणतात. त्यामुळे नागरिकत्व कोणाला द्यायचं, हा लहान देशांसाठी संरक्षणाचाच विषय होतो.

वचन मोडलं तर शिक्षा कोण देतं?

कोणीच नाही. बहुपेड अकाउंट चालवणं, हॅकिंग, धमक्या यांवर खेळाचे चालक कारवाई करतात. पण करार मोडला म्हणून ते कोणाला शिक्षा करत नाहीत. करारावर सह्या खेळाडूंच्या, त्याची किंमतही खेळाडूंनीच ठरवायची.

मग लोक करार पाळतात तरी का? कारण डाव संपत नाही. १९८० च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने कॉम्प्युटर प्रोग्रॅमची एक स्पर्धा घेतली होती. दोघांनी एकमेकांना साथ द्यायची की दगा, हे पुन्हा पुन्हा ठरवायचं. जिंकला तो अतिशय साधा प्रोग्रॅम. पहिल्यांदा साथ द्यायची आणि पुढे समोरचा जसा वागला तसं वागायचं. थोडक्यात, जशास तसे. एकदाच भेटायचं असेल तर दगा फायद्याचा वाटतो. उद्याही त्याच माणसाशी गाठ असेल तर हिशेब बदलतो.

हे नुसतं खेळापुरतं नाही. यासाठी नागपूरकरांना लांब जायला नको, आपल्याच भोसल्यांचा इतिहास पुरे आहे.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळात, १७७९ मध्ये नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध चौघांची आघाडी जुळवली. पेशवे, हैदर अली, निजाम आणि नागपूरचे भोसले. ठरलं असं की चौघांनी चार दिशांनी इंग्रजांना घेरायचं. नागपूरकरांच्या वाट्याला बंगाल आला. मुधोजी भोसल्यांनी मुलगा चिमणाजी याच्यासोबत मोठी फौज कटककडे पाठवलीही. पण ती रेंगाळत गेली आणि तिथेच अडून राहिली. कारण कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जशी नागपूरकरांची बोलणी चालू होती. हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले. बंगालवर हल्ला झाला नाही. उलट १७८१ मध्ये कर्नल पिअर्सची इंग्रजी फौज ओरिसातून, म्हणजे भोसल्यांच्या मुलखातून, हैदरशी लढायला मद्रासकडे बिनधोक निघून गेली.

आजच्या खेळाडूच्या भाषेत सांगायचं तर मुधोजींनी एमडीओएपीवर सही करून त्याला ओडीपीसारखं वागवलं. त्यांच्या बाजूनेही कारणं होती. फौजेचा खर्च होता, पुण्याशी जुना संशय होता. त्या वर्षीचा हिशेब नफ्याचाच दिसला.

डाव मात्र संपला नव्हता. १८०३ मध्ये दुसऱ्या रघुजी भोसल्यांवर आणि दौलतराव शिंद्यांवर इंग्रज चालून आले, तेव्हा मराठा सरदारांमध्ये एकमेकांवर भरवसा उरला नव्हता. यशवंतराव होळकर बाजूला राहिले. सप्टेंबरमध्ये असई, नोव्हेंबरमध्ये अडगाव, डिसेंबरमध्ये गाविलगड. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांना कटक सोडावं लागलं. तेच कटक, जिथे वीस-बावीस वर्षांपूर्वी फौज थांबवून ठेवली होती. पुढच्या वर्षी होळकरांवर वेळ आली आणि त्यांच्या मदतीलाही कोणी नव्हतं. १८१६ मध्ये नागपूरने तैनाती फौजेचा करार केला आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली.

या सगळ्याचं खापर एकट्या मुधोजींवर फोडणं अन्यायाचं होईल, कारण इंग्रजांशी वेगळी बोलणी त्या काळात इतरांनीही केली. पण अडचण तीच. प्रत्येकाने आपापल्या वर्षाचा हिशेब केला आणि प्रत्येकाला एकेकटं गाठता आलं.

खेळ आणि खरं जग यांत फरक काय?

फरक मोठा आहे. खेळात युद्ध हरलं तर आकडे कमी होतात, माणसं मरत नाहीत. खेळातल्या नेत्याला भुकेली जनता, विरोधी पक्ष किंवा तेलाच्या किमती यांचा खराखुरा ताण नसतो. म्हणून तिथे लोक कंटाळा आला तरी युद्ध करतात. खेळात हातखंडा असलेला माणूस खऱ्या परराष्ट्र खात्यात चमकेलच, असं समजू नये.

तरी काही कौशल्यं दोन्हीकडे लागतात. 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळ-खेळात 'व्हाइल रॅट' नावाचा खेळाडू सर्वांत मुरब्बी मुत्सद्दी म्हणून ओळखला जायचा. त्याचं खरं नाव शॉन स्मिथ. तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात नोकरीला होता. ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियातल्या बेंगाझी इथल्या अमेरिकी कचेरीवर हल्ला झाला, त्यात तो मारला गेला. खेळात त्याच्या विरोधात लढलेल्या लोकांनीही त्याच्यासाठी शोक केला. आपल्या अवकाशस्थानकांना त्याचं नाव दिलं. शत्रुत्व खेळातलं होतं, ओळख खरी होती.

आता यात यंत्रंही उतरली आहेत. मेटा कंपनीने २०२२ मध्ये 'सिसेरो' हा एआय प्रोग्रॅम जाहीर केला. त्याने ऑनलाइन डिप्लोमसीचे ४० डाव माणसांशी बोलून, वाटाघाटी करून खेळले आणि एकापेक्षा जास्त डाव खेळलेल्यांमध्ये पहिल्या दहा टक्क्यांत जागा मिळवली. म्हणजे इनबॉक्समध्ये आलेला मैत्रीचा मेसेज माणसाचाच असेल, याची खात्री यापुढे देता येणार नाही.

नव्याने खेळायला जाताय? हे लक्षात ठेवा

- युतीत जाण्याआधी तिचे करार वाचा. तिचे शत्रू उद्या तुमचे शत्रू होणार आहेत.
- दहा कच्च्या करारांपेक्षा पाळता येतील असे दोन बरे. प्रत्येक सही म्हणजे एका संभाव्य युद्धाचं आमंत्रण असतं.
- करार नको असेल तर नोटीस देऊन रीतसर बाहेर पडा. लोक ते विसरतात. ऐन लढाईतून पळालेला माणूस विसरत नाहीत.
- हेरगिरी या खेळांत चालते. गुप्त चॅनलमधला स्क्रीनशॉट उद्या सगळ्यांसमोर येऊ शकतो, असं धरूनच लिहा.
- स्वतःचं खरं नाव, पत्ता, कॉलेज, फोन नंबर कोणालाही देऊ नका. खेळातला राग कधी कधी खेळाबाहेर येतो. कोणी खरी माहिती काढून धमकी देत असेल तर ती परराष्ट्रनीती नव्हे, गुन्हा आहे. तेव्हा चालकांकडे आणि गरज पडली तर सायबर पोलिसांकडे जा.
- परीक्षेच्या दिवसांत युद्ध सुरू झालं तर सुट्टीचा पर्याय वापरा. नेशनस्टेट्ससह बऱ्याच खेळांत देश काही काळ गोठवून ठेवायची सोय असते. मित्रांना मात्र आधी कळवा, म्हणजे ते तुमच्या भरवशावर राहणार नाहीत.